हौशी मंडळींची सामायिक वही



छंद हा एकट्यानें करावयाचा असतो, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. कोणी तिकिटें जमवितो, कोणी फुलझाडें लावतो, कोणी रात्रीं गच्चीवर दुर्बीण मांडून आकाश न्याहाळतो. ज्याचा आनंद त्याच्यापाशीं. परंतु छंदाला उपकरण लागलें कीं पैशाचा प्रश्न येतो, आणि त्याच्या पाठोपाठ 'कोणतें घ्यावें' हा दुसरा प्रश्न उभा राहतो. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर एकट्या माणसाला सहसा सांपडत नाहीं. तें अनेकांनीं मिळून कसें शोधावें, सांपडलेलें उत्तर जपून कसें ठेवावें, आणि नवख्या माणसाच्या हातीं तें वेळेवर कसें पडावें, याचा विचार आज करावयाचा आहे. उदाहरण मी दुर्बिणीचें घेतों. कारण आकाशनिरीक्षणाचा छंद असलेल्या मंडळींनीं हें काम शंभर वर्षांहून अधिक काळ मोठ्या नेटकेपणानें चालविलें आहे.

प्रथम अडचण काय आहे तें पाहूं. मुलांसाठीं म्हणून ज्या लहान दुर्बिणी विकल्या जातात, त्यांच्या खोक्यावर '५२५ पट मोठें दिसतें' अशासारखें वाक्य ठळक अक्षरांत छापलेलें असतें. वाक्य अगदींच खोटें नसतें. ठराविक भिंगें एकापुढें एक लावलीं कीं गणितानें तेवढें वर्धन निघतें. पण दुर्बिणीचें खरें सामर्थ्य तिच्या पुढच्या भिंगाच्या अगर आरशाच्या व्यासांत असतें. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा कीं, व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट वर्धन उपयोगी पडतें. म्हणजे ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची मजल १२० पटींपाशीं संपते. त्यापुढें चित्र मोठें होत जातें, पण अंधुक व पुसट होतें; नवीन तपशील कांहींच दिसत नाहीं. दुधांत पाणी घातल्यानें माप वाढतें, दूध वाढत नाहीं, तसाच हा प्रकार. हें ज्याला ठाऊक आहे तो खोक्यावरील आंकडा वाचून हंसतो. ज्याला ठाऊक नाहीं तो पैसे देतो.

माझ्या माहितींतील एका शाळेनें मुलांकडून थोडी थोडी वर्गणी जमवून, जाहिरात वाचून, अशी एक दुर्बीण मागविली होती. भिंग तसें बरें होतें. पण तिवई इतकी लेचीपेची कीं, वाऱ्याची झुळूक आली तरी शनि नजरेच्या टप्प्यांतून नाहींसा होई. दोन-तीन रात्रींत मुलांचा उत्साह मावळला व यंत्र कपाटांत जाऊन पडलें. गंमत अशी कीं, त्याच शहरांत तसलीच दुर्बीण घेऊन पस्तावलेले तिघे-चौघे गृहस्थ होते. त्यांचें शहाणपण त्यांच्याजवळच राहिलें. शाळेपर्यंत तें पोंचण्याची वाटच नव्हती. पैसे गेले याचें दुःख होतेंच. पण वर्गांतील तीस-चाळीस मुलांनीं, आकाशांत पाहण्यासारखें कांहीं नसतें, असा ग्रह कायमचा करून घेतला, ही हानि त्याहून मोठी. एखाद्या वस्तूविषयीं चारचौघांचा अनुभव वेळेवर न मिळाल्यानें कधीं कधीं असें आयुष्यभराचें नुकसान होतें.

आतां कोणी म्हणेल, यांत काय कठीण आहे? ज्यानें वस्तु घेतली असेल त्याला विचारावें. परंतु घेणाऱ्याच्या मतांतही तीन उणीवा असतात. एक तर त्यानें बहुधा ती एकच वस्तु वापरलेली असते. तुलनेला दुसरी नसते. दुसरें, पदरचे पैसे मोजल्यावर आपण फसलों असें म्हणण्यास मन धजत नाहीं. किंवा उलट, एखाद्या क्षुल्लक खोडीमुळें तो सगळ्या यंत्राला नांवें ठेवीत सुटतो. तिसरें, त्याचे डोळे, त्याचें आकाश आणि त्याची अपेक्षा हीं तुमच्यासारखीं नसतात. मुंबईच्या दिव्यांच्या झगमगाटांत जी दुर्बीण निरुपयोगी ठरते, तीच सह्याद्रीच्या माथ्यावर सुरेख काम देते. म्हणून एकाचें मत म्हणजे ज्ञान नव्हे. पण अशीं शंभर मतें नुसतीं एकत्र रचलीं म्हणूनही ज्ञान होत नाहीं. तो एक मोठा ढीग होतो एवढेंच. ढिगाला व्यवस्था लागते. ती व्यवस्था कशी लावतां येते, याचे दोन नामी दाखले अमेरिकेंत घडले. ते आतां सांगतों.

अमेरिकेंत व्हरमाँट नांवाचें एक डोंगराळ संस्थान आहे. तेथील स्प्रिंगफील्ड या कारखान्यांच्या गांवीं रसेल पोर्टर नांवाचे गृहस्थ राहत. ते वास्तुशास्त्र शिकलेले, उत्तर ध्रुवाकडील मोहिमांत हिंडलेले आणि चित्रकलेंत निपुण होते. १९२० सालीं त्यांनीं गांवांतील लोकांना दुर्बिणीचा आरसा हातानें घांसून कसा घडवावा हें शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या वर्गांत पंधरा पुरुष व एक स्त्री होती. बहुतेक जण यंत्रांच्या कारखान्यांत काम करणारे. १९२३ सालीं या मंडळींनीं आपली संस्था स्थापन केली आणि जवळच्या टेकडीवर 'स्टेलाफेन' नांवाचें एक लहानसें घर बांधलें. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाचे अॅल्बर्ट इंगॉल्स यांनीं तेथें जाऊन १९२५ च्या नोव्हेंबरांत त्यांच्यावर लेख लिहिला. तो वाचून शेंकडों वाचकांनीं 'आम्हांलाही शिकवा' म्हणून पत्रें पाठविलीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९२६ सालीं, निरनिराळ्या लोकांच्या अनुभवांचे लेख एकत्र करून दुर्बीण बनविण्याचें पुस्तक निघालें, आणि त्याच वर्षीं टेकडीवर हौशी मंडळींचा पहिला मेळावा भरला. उन्हाळ्यांत भरणारा हा मेळावा आजही चालू आहे. तेथें जो तो आपली दुर्बीण घेऊन येतो, इतर लोक तिच्यांतून पाहतात, तिची घडण तपासतात आणि उघडपणें गुणदोष सांगतात.

या तपासणींत भांडणें कां होत नाहींत, हें समजून घेण्यासारखें आहे. दुर्बिणीच्या आरशाचा पृष्ठभाग किती बिनचूक असावा लागतो याची कल्पना करा. आलेल्या प्रकाशांत लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक चूक नसावी, असा नियम आहे. आणि आरशावरील चूक परावर्तनांत दुप्पट होत असल्यामुळें पृष्ठभागावर ती आठव्या हिश्श्याच्या आंतच राहावी लागते. म्हणजे मिलिमीटरचा सुमारें चौदा हजारावा भाग! बोटांना हें कळणार नाहीं, डोळ्यांना दिसणार नाहीं. पण १८५८ सालीं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानें यावर एक सोपी युक्ति काढली. आरशापुढें ठराविक अंतरावर सुईच्या छिद्रामागें दिवा ठेवावा, आरशावरून परत येणारा प्रकाश जेथें एका बिंदूंत मिळतो तेथें वस्तऱ्याचें पातें हळूहळू आडवें सरकवावें, आणि पात्यामागून आरशाकडे पाहावें. आरसा शुद्ध गोलाकार असेल तर तो सगळा एकदम सारखाच काळवंडतो. कोठें उंचवटा वा खळगा असेल तर तेथें छाया पडून, नकाशांतील डोंगर-दऱ्यांप्रमाणें ते उठून दिसतात. दिवा, डबा आणि पातें एवढ्या सामानावर ही परीक्षा होते, आणि ती कोणींही, कोठेंही, कितीही वेळां करून पाहावी. अशी कसोटी सर्वांच्या हातीं असल्यावर 'माझा आरसा उत्तम आहे' या वाक्याला जागा उरत नाहीं. काय दिसलें तें सांगावें लागतें. सामायिक ज्ञानाचें पहिलें सूत्र मला येथें दिसतें: मत मागण्याआधीं कसोटी ठरवावी. अशा मंडळींच्या हातून काय होऊं शकतें हें पुढें दिसून आलें. पोर्टर यांना माउंट पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीच्या कामावर बोलावणें आलें. आणि दुसऱ्या महायुद्धांत लष्करी उपकरणांसाठीं लागणारे, घडविण्यास फार अवघड असे लोलक घरोघरच्या हौशी लोकांनीं हजारोंच्या संख्येनें बनवून दिले.

दुसरा दाखला रूपविकारी ताऱ्यांचा. कांहीं ताऱ्यांचें तेज स्थिर नसतें, तें कमी-जास्त होतें. तिमिंगल तारकासमूहांतील 'मीरा' हा तारा सुमारें ३३२ दिवसांत एकदां नुसत्या डोळ्यांनीं दिसण्याइतका उजळतो व पुन्हां दुर्बिणीवांचून दिसेनासा होतो. अशा शेंकडों ताऱ्यांवर रोज नजर ठेवणें मोठ्या वेधशाळांना परवडत नाहीं. म्हणून १९११ सालीं विल्यम टायलर ओलकट या वकिली शिकलेल्या हौशी गृहस्थांनीं, हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या प्रोत्साहनानें, रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना काढली. या संघटनेची रीत फार शिकण्यासारखी आहे. प्रत्येक ताऱ्याभोंवतींच्या आकाशाचा छापील नकाशा सभासदाला मिळतो. त्यांत स्थिर तेजाच्या शेजारच्या ताऱ्यांपुढें त्यांची प्रत लिहिलेली असते. समजा एक शेजारी ८·२ प्रतीचा व दुसरा ८·८ प्रतीचा आहे, आणि आपला तारा दोहोंच्या बरोबर मधला वाटतो. तर आपण ८·५ लिहावें. 'बराच तेजस्वी', 'अंमळ फिकट' हे शब्द येथें चालत नाहींत. वेळ लिहितांनाही देशोदेशींच्या घड्याळांचा घोळ होऊं नये म्हणून दिवसांची एकच अखंड मोजणी सर्वजण वापरतात. प्रत्येक निरीक्षकाला ठराविक आद्याक्षरें दिलेलीं असतात, त्यामुळें कोणतें निरीक्षण कोणाचें हें शंभर वर्षांनींही सांगतां येतें.

याशिवाय आणखी तीन बारकावे आहेत. तारा दिसलाच नाहीं तर 'अमुक प्रतीहून फिकट' अशी नोंद करावयाची. कारण न दिसणें हीही माहितीच आहे. मागच्या खेपेस आपण काय लिहिलें होतें किंवा दुसऱ्यांनीं काय लिहिलें आहे तें पाहून नोंद करावयाची नाहीं. जें दिसतें तेंच लिहावयाचें. आणि तिसरें, तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलें तर तो उगाच अधिक तेजस्वी भासतो, म्हणून झर्रकन नजर टाकून अंदाज करावयाचा. माणसामाणसांच्या डोळ्यांत फरक राहतोच, परंतु तो लपविला जात नाहीं. शेंकडों नोंदी एका आलेखावर मांडल्या कीं त्यांतून ताऱ्याची खरी चाल आपोआप उमटते. आज या संघटनेच्या संग्रहांत पांच कोटींहून अधिक नोंदी आहेत, आणि मोठमोठ्या वेधशाळांतील शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करतात.

या कामांत आपल्या देशाचाही एक धागा गुंफलेला आहे, आणि तो मला शाळामास्तर या नात्यानें विशेष प्रिय आहे. बंगालमधील जेसोर येथें राधागोविंद चंद्र नांवाचे गृहस्थ होते. एन्ट्रन्सच्या परीक्षेंत ते तीनदां नापास झाले आणि अखेर सरकारी खजिन्यांत नाणीं पारखण्याच्या नोकरीला लागले. दिवसा खरें-खोटें नाणें पारखावें आणि रात्रीं तीन इंची लहान दुर्बिणींतून तारे पाहावे, असा त्यांचा क्रम. १९१८ सालीं गरुड तारकासमूहांत एकाएकीं नवतारा झळकला, त्याचीं निरीक्षणें त्यांनीं हार्वर्डला पाठविलीं. त्यांतून पुढें ते त्या अमेरिकन संघटनेचे सभासद झाले. तेथें कोणीं त्यांची पदवी विचारली नाहीं. त्यांच्या नोंदी ठरलेल्या रीतीच्या होत्या, त्या इतरांच्या नोंदींशीं जुळत होत्या, एवढें पुरेसें होतें. त्यांनीं १९५४ पर्यंत ३७,००० हून अधिक निरीक्षणें नोंदविलीं. त्यांचें काम पाहून संघटनेनें १९२६ सालीं सुमारें सहा इंच व्यासाची एक चांगली दुर्बीण त्यांना वापरावयास धाडून दिली. ती एका अमेरिकन सभासदाची होती. पुढें चंद्रबाबू थकले, तेव्हां तीच दुर्बीण प्रसिद्ध ज्योतिर्विद वेणू बाप्पू यांच्याकडे आली, आणि अखेर तमिळनाडूंतील कावलूरच्या वेधशाळेंत पोंचली. ज्ञान सामायिक झालें कीं उपकरणेंही सामायिक होतात, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

महाराष्ट्रांत अशा मंडळींची परंपरा नाहीं असें नाहीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशांतील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. आज गांवोगांवीं लहान लहान मंडळें आहेत. अशा मंडळानें, मग तें आकाशाचें असो, छायाचित्रणाचें असो कीं बागकामाचें असो, उपकरणांविषयीं एक सामायिक वही ठेवावी असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. ती कशी ठेवावी तें थोडक्यांत सांगतों.

वस्तूचें नांव, बनावट व ती घेतल्याचें वर्ष आधीं लिहावें. कारण त्याच नांवानें विकली जाणारी वस्तु दोन वर्षांनीं आंतून बदललेली असूं शकते. त्याखालीं, लिहिणाऱ्यानें ती किती दिवस व कोठें वापरली तें लिहावें. आपल्याकडे या 'किती दिवस' ला फार महत्त्व आहे. वैशाखांत घेतलेली दुर्बीण सगळ्यांनाच आवडते. चातुर्मास बंद पेटींत काढल्यावर भिंगावर बुरशी चढली कीं नाहीं, हें कार्तिकांत पेटी उघडल्यावर कळतें. म्हणून पावसाळा काढल्याशिवाय कोणत्याही भिंगाविषयीं पक्कें मत नोंदवूं नये.

नंतर कसोट्यांचे निकाल द्यावे, आणि त्या कसोट्या सर्वांनीं एकाच रीतीनें कराव्या. तिवईसाठीं सोपी कसोटी अशी: एखादा तारा दुर्बिणींत धरावा, नळीवर बोटानें हलकी टिचकी मारावी, आणि चित्राची थरथर थांबेपर्यंत किती सेकंद जातात तें मोजावें. 'तिवई डळमळीत आहे' म्हणण्यापेक्षां 'सात सेकंद लागले' हें लिहिणें अधिक उपयोगी, कारण दुसऱ्या दुर्बिणीला दोन लागले असतील तर तुलना आपोआप होते. भिंगासाठीं पुनर्वसूंतील कॅस्टर हा तारा पाहावा. तो जोडतारा असून दोघांतील अंतर सध्यां पांच-सहा विकलांचें आहे. ६० मिलिमीटर व्यासाच्या चांगल्या भिंगांतून, शंभर पट वर्धनावर, हवा स्थिर असलेल्या रात्रीं, ते दोन स्वच्छ वेगळे दिसलेच पाहिजेत. न दिसल्यास तसें लिहावें. आणि त्या रात्रीं हवा कशी होती तेंही लिहावें.

जें दिसलें तें एका बाजूस व जें वाटलें तें दुसऱ्या बाजूस, अशी पानाची विभागणी करावी. वाटण्याला किंमत नाहीं असें नव्हे. साठी उलटलेल्या माणसाला वांकून पाहतांना मान दुखते, हें त्याचें वाटणेंच दुसऱ्या म्हाताऱ्याच्या उपयोगी पडतें. पण तें मोजमापांत मिसळूं नये. त्याखालीं लिहिणाऱ्यानें सही करावी, आणि वस्तु स्वतः विकत घेतली, उसनी आणली कीं विक्रेत्यानें भेट दिली, तें स्पष्ट सांगावें. भेट मिळालेल्या वस्तूविषयीं प्रामाणिक मत देतां येतें. पण ती भेट होती हें वाचणाऱ्याला ठाऊक असणें हा त्याचा हक्क आहे. निनांवी स्तुति आणि निनांवी निंदा या दोहोंनाही वहींत जागा नसावी. विक्रेत्याला उत्तर द्यावयाचें असल्यास त्यालाही नांवासह जागा द्यावी.

दोघांचीं मतें विरुद्ध पडलीं तर एक खोडून दुसरें ठेवूं नये. दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवावीं. पुष्कळदां असें आढळतें कीं, विरोध वस्तूंत नसून जागेंत असतो. एक जण नाशिकच्या गच्चीवरून पाहत होता आणि दुसरा दादरच्या खिडकींतून. नोंद चुकली असेल तर तिच्यावर एकच रेघ ओढावी, म्हणजे खालचें अक्षर वाचतां येईल, व नवी नोंद तारीख घालून करावी. खाडाखोड झाली कीं वहीवरचा विश्वास जातो, आणि विश्वासाशिवाय या वहीजवळ दुसरें भांडवल नाहीं.

शेवटचें काम चिटणिसाचें, आणि तेंच सर्वांत कंटाळवाणें. वहीला सूची हवी. सूची नसलेली हजार पानांची वही आणि कुलूप लावलेलें कपाट यांत फारसा फरक नाहीं. नवीन माणूस येऊन तोच प्रश्न विचारतो, 'पहिली दुर्बीण कोणती घेऊं?' जुने सभासद कंटाळून हंसतात, आणि तो पुन्हां येत नाहीं. त्यावर उपाय असा कीं, वारंवार येणाऱ्या प्रश्नांचीं उत्तरें जुन्या नोंदींवरून एकदां नीट लिहून काढावीं, तें पान वहीच्या आरंभीं लावावें, आणि वर्षांतून एकदां, दिवाळीच्या सुमारास, तें नव्यानें तपासावें. नवख्याला तें पान वाचावयास द्यावें; मग शेजारीं बसून एखाद्या रात्रीं त्याला तीन निरनिराळ्या दुर्बिणींतून शनि दाखवावा. विकत घेण्याआधीं वापरून पाहण्याची सोय एकट्याला कधींच करतां येत नाहीं. मंडळाला ती सहज करतां येते.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. अनुभवी माणूस जातो तेव्हां त्याच्या कपाटांतील यंत्रें मागें राहतात, त्याचा अनुभव मात्र त्याच्याबरोबर जातो. तीं यंत्रें कशीं वापरावीं हें घरच्यांना कळत नाहीं व अखेर तीं भंगारांत जातात. अशीं कपाटें मीं पाहिलीं आहेत. त्या माणसानें वर्षाकाठीं चार पानें जरी लिहून ठेवलीं असतीं, तरी त्याच्या गल्लींतल्या एखाद्या मुलाचे पैसे व उमेद दोन्ही वांचलीं असतीं. आपल्यापैकीं ज्यांना एखादा छंद आहे, त्यांनीं या महिन्यांत आपल्या एका उपकरणाविषयीं एक पान लिहावें, खालीं सही व तारीख घालावी, आणि तें आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला वाचावयास द्यावें.